भाववाचक नामांचे अर्थ का सरकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'सत्ता' या शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो नुसतं 'असणं'. 'कविता' म्हणजे कवीपणा, 'पात्रता' म्हणजे भांडंपणा, 'देवता' म्हणजे देवपणा. आज या शब्दांचा असा अर्थ कुणी घेत नाही आणि घेऊही नये. पण फोड आणि अर्थ यांच्यात एवढं अंतर पडलं कसं, हा प्रश्न भाषेचे विद्यार्थी, भाषांतरकार आणि जुनं मराठी वाचणारे पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांच्या प्रश्नांची ही उत्तरं.

साधित भाववाचक नाम म्हणजे नेमकं काय?

गुण, अवस्था किंवा क्रिया यांचं नाव म्हणजे भाववाचक नाम. ते दुसऱ्या शब्दाला प्रत्यय लावून घडवलेलं असेल तर साधित. 'राग' मराठीपुरता फोडता येत नाही, 'रागीटपणा' फोडता येतो. पण, पणा, ई, की, गिरी, वा, आई हे मराठीत रुळलेले प्रत्यय. संस्कृतातून आलेले ता, त्व आणि य. 'य' लागताना शब्दाचा पहिला स्वर बहुधा वाढतो: सुंदर–सौंदर्य, उदार–औदार्य, स्वतंत्र–स्वातंत्र्य.

मूळ शब्द माहीत आहे, प्रत्ययाचा अर्थ ठरलेला आहे. मग अर्थ सरकायला जागा राहते कुठे?

एखादा शब्द आपण पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याचे तुकडे जोडूनच अर्थ लावतो. कुणी 'मोबाइलवेडेपणा' म्हटलं तर कोशात न पाहताही कळतं. पण 'माणुसकी' ऐकताना कुणी माणूस आणि की यांची बेरीज करत नाही. हजारदा वापरलेला शब्द स्मरणातून अख्खा उचलला जातो, आणि अख्खा उचलला जाऊ लागला की तुकड्यांचा त्याच्यावरचा ताबा सुटतो. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. माणूस क्रूरही असतो, तरी 'माणुसकी' म्हणजे फक्त त्याची करुणा.

दुसरं कारण म्हणजे निवड. मूळ शब्दाला चार अर्थ असले तरी साधित नाम बहुधा त्यातला एकच उचलतं. रक्कम आगाऊ असते, सूचना आगाऊ असते, मुलगाही आगाऊ असतो. 'आगाऊपणा' मात्र फक्त मुलाचा. 'कडक'चं तर दोन वाटांनी काहीतरी भलतंच झालं. 'कडकपणा' शिस्तीत राहिला आणि 'कडकी' रिकाम्या खिशात गेली.

तिसरं कारण शेजाऱ्यांचं. एकाच मूळ शब्दापासून तीन-चार नामं झाली की ती फार काळ समानार्थी राहत नाहीत. 'गोड'पासून गोडवा, गोडी आणि गोडपणा आले. आवाजात गोडवा असतो, वाचनाची गोडी लागते, आणि जरा जास्तच गोड बोलणाऱ्याचा गोडपणा खटकतो.

सत्ता, सत्त्व आणि सत्य हे तिन्ही एकाच शब्दापासून झाले, हे खरं का?

खरं आहे. सगळा विषय एका ठिकाणी पाहायचा असेल तर हे त्रिकूट पाहावं.

मूळ शब्द 'सत्', म्हणजे जे आहे ते. शिवाय 'चांगलं' हाही त्याचा अर्थ. पाणिनीच्या 'तस्य भावस्त्वतलौ' या सूत्रानुसार 'अमुक असण्याचा भाव' सांगायला त्व आणि ता हे दोन्ही प्रत्यय चालतात. म्हणजे नियमाने पाहिलं तर सत्ता आणि सत्त्व यांत काही फरक असायचं कारण नाही. तरी तो केवढा पडला!

'सत्ता' तत्त्वज्ञानात अस्तित्व म्हणून राहिली. वेदान्तात पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन सत्ता सांगतात, त्या असण्याच्या तीन पातळ्या आहेत, राज्यकारभाराशी त्यांचा संबंध नाही. मग ही सत्ता अधिकाराकडे कशी वळली? देवाच्या सत्तेने सूर्य चालतो, वारा वाहतो असं संत म्हणतात, तेव्हा दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदताना दिसतात: तो आहे म्हणून हे घडतं, आणि त्याच्या जोरावर हे घडतं. पहिल्या अर्थावरून दुसऱ्यावर जायला अशी एक पायरी पुरते. पुढे देवाच्या जागी राजा आला, राजाच्या जागी पक्ष आला, आणि आज सत्ता येते, जाते, उलथवली जाते. असण्याला हे कुठलंच क्रियापद लागत नाही.

'सत्त्व' दुसऱ्या वाटेने गेलं. सत्त्व, रज, तम या तीन गुणांतलं ते पहिलं. संस्कृतात प्राण्यालाही सत्त्व म्हणतात. मराठीत ते अंगातलं बळ, पदार्थातला अर्क आणि माणसाच्या निष्ठेचा गाभा झालं. जमिनीचं सत्त्व जातं, माणसाची सत्त्वपरीक्षा होते, औषधी मुळीचं सत्त्व काढतात. विसाव्या शतकात विज्ञानाला नवा शब्द हवा होता तेव्हा 'जीवनसत्त्व' सहज घडला, कारण अर्काचा अर्थ तयारच होता.

आणि 'सत्य' म्हणजे जे आहे त्याला धरून असलेलं.

'शहाणपण' आणि 'शहाणपणा' यांत फरक कसा पडला? प्रत्यय तर एकच वाटतो.

पण आणि पणा एकाच घराण्यातले आहेत. वैदिक भाषेतल्या 'त्वन' या प्रत्ययापासून प्राकृतातून 'पण' आला, आणि त्याचंच वाढीव रूप 'पणा'. म्हणजे त्व हाही त्यांचा आप्तच. व्याकरणात उघड दिसणारा फरक लिंगाचा: ते शहाणपण, तो शहाणपणा.

अर्थाचा फरक क्रियापदांवरून लगेच कळतो. शहाणपण सुचतं, येतं, अंगी असतं. शहाणपणा केला जातो किंवा दाखवला जातो. "उशिरा सुचलेलं शहाणपण" म्हणतात, इथे 'शहाणपणा' बसत नाही. "जास्त शहाणपणा करू नकोस" म्हणतात, तिथे 'शहाणपण' बसत नाही. जिथे अशी जोडी आहे तिथे 'पण' अवस्थेकडे झुकतो आणि 'पणा' वागण्याकडे. आणि दाखवण्याची, करण्याची गोष्ट झाली की तिच्यात आव शिरतो.

यावरून 'पणा' म्हणजे वाईट असा नियम मात्र काढू नये. प्रामाणिकपणा, साधेपणा, चांगुलपणा हे सगळे पणाच आहेत, आणि त्यांना 'पण'चा जोडीदार नाही. 'मोठेपणा' तर दोन्हीकडे फिरतो. मनाचा मोठेपणा स्तुतीचा, मिरवलेला मोठेपणा निंदेचा. 'एकटेपण' आणि 'एकटेपणा' अजून वेगळे झालेले नाहीत. दोन्ही एकाच जागी वापरलेले सापडतात.

'लहानपण देगा देवा' म्हणताना तुकोबा बालपण मागत होते का?

नाही, आणि हा गैरसमज दूर व्हावा असं मला मनापासून वाटतं. त्याच ओळीत मुंगीला साखरेचा रवा मिळतो, पुढच्या ओळीत ऐरावताला अंकुशाचा मार बसतो. मुंगी काही हत्तीपेक्षा वयाने लहान म्हणून तिथे आलेली नाही. पुढे मोठेपणामुळे भोगाव्या लागणाऱ्या यातना आहेत आणि शेवटी लहानाहून लहान व्हायला सांगितलं आहे. अभंगातलं लहानपण म्हणजे नम्रता, क्षुद्र होऊन राहणं.

सतराव्या शतकातला हा अर्थ मागे पडून 'लहानपण' हा आयुष्यातला एक काळ झाला. 'म्हातारपण' आणि 'तरुणपण' यांचंही तसंच: अवस्थेचं नाव त्या अवस्थेच्या काळाला लागलं. म्हणून आपण "लहानपणी" म्हणतो, सप्तमीत, "सकाळी" म्हणतो तसं. 'साधेपणा'ला असा काळवाचक प्रत्यय लागत नाही, कारण साधेपणाचं वय नसतं. आज नम्रतेच्या अर्थाने 'लहानपण' जवळजवळ याच एका ओळीत उरलं आहे, आणि ती ओळ बालपणाच्या आठवणींखाली सर्रास छापली जाते.

गुणाचं नाव वस्तूला किंवा माणसाला कसं लागतं?

हा सरकण्याचा सर्वांत चालता मार्ग आहे. कवीचा गुण तो 'कविता'. मग त्या गुणातून जे निर्माण होतं तेही कविता. एकदा वस्तू झाली की ती मोजता येते: दोन कविता, दहा कविता. तिचं जुळं भावंड 'कवित्व' मराठीत रचना या अर्थाने बराच काळ राहिलं. रामदासांनी कवित्वकलेचं निरूपण केलं ते काव्यरचनेचंच. आज ते मुख्यतः "शिमगा गेला तरी कवित्व उरतं" यात ऐकू येतं, म्हणजे प्रसंग सरल्यावरही चालू राहिलेली चर्चा.

'साहित्य' हे सहित असण्याचं नाव. संस्कृत काव्यशास्त्रकार भामहाने शब्द आणि अर्थ सहित असणं म्हणजे काव्य अशी व्याख्या केली, आणि या विचारपरंपरेत 'साहित्य' वाङ्मयाचं नाव झालं. मराठीत हाच शब्द दुसऱ्या बाजूने 'एकत्र लागणाऱ्या वस्तू' या अर्थानेही रुळला. म्हणून बांधकामाचं साहित्य आणि मराठी साहित्य एकाच शब्दात मावतात.

'जनता'ची गोष्ट थोडी निराळी. पाणिनीने ग्राम, जन आणि बंधू या शब्दांना समूहाच्या अर्थानेही 'ता' सांगितला आहे. जनता म्हणजे जनांचा समूह, तो अर्थ आजही जसाच्या तसा आहे. पण त्याच सूत्रातली 'बंधुता' समूह राहिली नाही, ती भावना झाली. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समानतेबरोबर येते ती हीच बंधुता.

"एक थोर व्यक्तिमत्त्व हरपलं" हे चूक आहे का?

पुष्कळ शिक्षक चूक मानतात: व्यक्ती हरपते, व्यक्तिमत्त्व कसं हरपेल? पण वर पाहिलेल्या वाटेवरचाच हा प्रवास आहे. देवत्वाचं नाव देवाला लागून 'देवता' झाली, ते आपण कधीच स्वीकारलं. "पक्षाचं नेतृत्व बैठकीला हजर होतं" हे वाक्य कुणाच्या डोळ्यांना आता बोचत नाही, तिथेही नेतेपणाचं नाव नेत्यांना लागलं आहे. मी स्वतः अजून 'व्यक्ती' लिहिते, कारण गुण आणि माणूस यांच्यासाठी दोन वेगळे शब्द हाताशी असणं मला मोलाचं वाटतं. पण दुसऱ्याचं वाक्य चूक म्हणून खोडणार नाही.

कमी उंची, खालची गुणवत्ता... हा विरोधाभास नाही का?

उंच म्हणजे वर गेलेलं, मग उंची कमी कशी? कारण 'उंची' हे आता गुणाचं नाव नाही, मोजपट्टीचं नाव आहे. लांबी, रुंदी, जाडी सगळ्यांचं असंच. कागद पातळ असला तरी आपण त्याची जाडीच मोजतो. जोडीतल्या मोठ्या टोकाचं नाव पट्टीला मिळतं. बुटकेपणा आणि पातळपणा गुणच राहतात.

'गुणवत्ता' याच वाटेने चालली आहे. गुणवान असणं हा तिचा मूळ अर्थ, आणि 'गुणवत्ता यादी'त तो शाबूत आहे: त्या यादीत नाव येणं म्हणजे कौतुकच. पण "निकृष्ट गुणवत्तेचं काम" म्हणताना ती नुसती दर्जाची पट्टी असते.

चांगला अर्थ बिघडतो तो कसा?

'भाऊबंदकी' हे याचं ठसठशीत उदाहरण. भाऊबंद असण्याचं नातं, एवढाच शब्दाचा घाट. पण हे नातं चारचौघांत बोललं जायचं ते बहुधा वाटणीच्या वेळी. भाऊबंदकीचे वाद, भाऊबंदकीचे दावे असं बोलता बोलता 'वाद' हा शब्द गळाला आणि त्याचा अर्थ भाऊबंदकीतच मुरला. शब्द ज्या संगतीत वावरतो तिचं काहीतरी स्वतःजवळ ठेवून घेतो.

'पाटीलकी' हे पद होतं, हक्क होता, वतन होतं. महाराष्ट्रात 1962च्या कायद्याने महसुली पाटलांची वंशपरंपरागत पदं संपली. पद गेलं, तरी शब्द गेला नाही. "सगळीकडे पाटीलकी करतो" यात उरली ती हुकमत गाजवण्याची रीत.

'गिरी' या प्रत्ययाकडे पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. हेरगिरी, शिपाईगिरी ही कामांची नावं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली पुस्तकाला 'गुलामगिरी' हे नाव दिलं, तिथे प्रत्यय फक्त अवस्था सांगतो. भीषणता त्या अवस्थेची आहे, प्रत्ययाची नाही. 'मुत्सद्देगिरी' तर गौरवाने म्हटलं जातं. पण दादागिरी, चमचेगिरी, नेतेगिरी अशी रांग लागल्यावर प्रत्ययालाच नाराजीचा रंग चढला. आज कुणी कोणत्याही शब्दाला गिरी लावून नवा शब्द केला तर ऐकणारा आधी टीकाच अपेक्षितो.

उलट दिशेनेही प्रवास होतो का? वाईट अर्थ चांगला होतो?

होतो. 'अस्मिता' पाहा. 'अस्मि' म्हणजे 'मी आहे', त्याला ता. एका क्रियापदाच्या रूपालाच प्रत्यय लावलेला आहे, 'अस्ति'पासून 'अस्तित्व' केलं तसा. योगसूत्रांत अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे पाच क्लेश सांगितले आहेत. पाहणारा आणि पाहण्याचं साधन यांना एकच समजणं ही अस्मिता. साधकाने ती सोडायची असते. आज अस्मिता जपायची, जागवायची असते, ती दुखावली तर माणसं रस्त्यावर येतात.

'ममता'चंही तेच. 'मम' म्हणजे माझं. ममता म्हणजे माझेपणा. संतांच्या लेखी अहंता आणि ममता ही जोडी टाकून द्यायची होती. आज ममता म्हणजे आईची माया. गंमत अशी की मराठीने स्वतःच्या सामग्रीतून नेमका हाच शब्द पुन्हा घडवला: आपुला आणि की, 'आपुलकी'. तिला मात्र निंदेचा इतिहास नाही.

मूळ शब्दाचा अर्थ बदलला की साधित नामही बदलतं का?

नेहमी नाही, आणि म्हणूनच साधित नामांत जुने अर्थ सापडतात. 'हुशार' हा फारसीतून आलेला, मुळात सावध, शुद्धीवर असलेला. आता हुशार म्हणजे बुद्धिमान. पण तापातून उठलेला माणूस म्हणतो, "आज जरा हुशारी वाटते." त्याची बुद्धी वाढलेली नसते. त्याला तरतरी आलेली असते, आणि तो नकळत शब्दाचा जुना अर्थ बोलत असतो.

'मस्त' आणि 'मस्ती' यांची फारकत आणखी मोठी. फारसीत मस्त म्हणजे धुंद. विशेषण सुधारत गेलं, आज मस्त म्हणजे छान. नाम मात्र धुंदीपाशीच राहिलं: पैशाची मस्ती, मुलांची मस्ती. "मस्त माणूस" ही स्तुती आणि "त्या माणसाची मस्ती" ही तक्रार.

मजुरी, दलाली, शिलाई हे शब्द कामाचे की पैशाचे?

दोन्हीचे. आधी काम, मग त्या कामाचा मोबदला. "दलाली करतो" यात काम, "दलाली घेतली" यात पैसा. क्रियापद पाहिलं की गोंधळ होत नाही.

हिंदीत आणि मराठीत एकच शब्द वेगळा का वागतो?

शब्द घडवण्याची सामग्री सामाईक, पण वापर वेगळा. हिंदीत 'सभ्यता' म्हणजे अख्खी संस्कृतीसुद्धा. मराठीत सभ्यता बहुधा वागण्यातली. म्हणून हिंदीतली सिंधू घाटी सभ्यता मराठीत सिंधू संस्कृती होते. 'स्वस्थ' म्हणजे आपल्या ठायी स्थिर. हिंदीने त्यातून निरोगीपण घेतलं, मराठीने शांतपण. हिंदीतला 'अस्वस्थ' आजारी असतो, मराठीतला बेचैन. भाषांतर करताना तत्सम शब्द दिसला की हात आवरावा. चुका तिथेच होतात.

मग मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असं म्हणता येईल का?

नाही. 'तत्त्व' म्हणजे तत् आणि त्व, 'ते-पणा'. हाच खरा अर्थ धरला तर "तत्त्वाचा माणूस" हे शब्दच उच्चारता येणार नाहीत. आजच्या बोलण्याला व्युत्पत्तीचा बडगा दाखवणं हा भाषेवर अन्याय आहे. जुन्या लेखनावर आजचा अर्थ लादणं हाही तेवढाच अन्याय, आणि तो जास्त वेळा होतो. अभंगातलं लहानपण किंवा योगसूत्रातली अस्मिता आजच्या अर्थाने वाचली तर लिहिणाऱ्याच्या तोंडी उलटंच म्हणणं घातलं जातं.

जुना अर्थ ओळखायचा कसा?

आधी शब्दाची संगत पाहावी: त्याला कोणतं क्रियापद लागलं आहे, विरुद्धार्थी म्हणून काय आलं आहे, त्याचं अनेकवचन केलं आहे का. मग जुना कोश उघडावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा 1831 मध्ये आणि सुधारून 1857 मध्ये निघाला. एकोणिसाव्या शतकातला अर्थ तिथे मिळतो आणि आजच्या अर्थाशी लावून पाहता येतो. नुसती फोड करून अर्थ ठरवू नये.

'महत्त्व'मध्ये दोन त आणि 'ममत्व'मध्ये एक, असं का?

मूळ शब्द त् ने संपत असेल तर त्याचा एक आणि प्रत्ययाचा एक: महत्–महत्त्व, सत्–सत्त्व, तत्–तत्त्व, व्यक्तिमत्–व्यक्तिमत्त्व. मम, अस्ति, नेतृ यांच्या शेवटी त् नाही, म्हणून ममत्व, अस्तित्व, नेतृत्व.

आज कोणत्या शब्दांचा अर्थ हलताना दिसतो?

'पारदर्शकता' काचेपासून निघून कारभारात इतकी मुरली आहे की काचेबद्दल बोलताना आता "पारदर्शक असणं" असं वळण घ्यावंसं वाटतं. 'मानसिकता' तर 'मानसिक असणं' या अर्थाने कधी चाललीच नाही. ती थेट मनाची घडण म्हणून आली, आणि आता तिथूनही पुढे निघाली आहे. "तो ऐकण्याच्या मानसिकतेत नव्हता" या वाक्यात ती मनाची कायमची घडण नसून त्या घडीची मनःस्थिती आहे. 'मनःस्थिती' हा शब्द तिला वाट देतो की आपली जागा राखतो, हे पुढच्या काही वर्षांच्या बोलण्यात दिसेल.